सोडलेला कोंबडा

रहिवासी भागात कोंबड्या पाळायच्या असतील तर काय नियम आहेत, हे मला आता बऱ्यापैकी माहीत झालं आहे. ओळखीतलं कोणी विचारलं तर मी सांगते. खुराडं शेजारच्या भिंतीपासून सुटं ठेवा, रोज झाडा, चुना टाका, कोंबड्या बंदिस्त ठेवा आणि शक्यतो कोंबडा ठेवू नका. कोंबडीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तक्रार होते ती आरवण्याची. एवढं ऐकून लोक समाधानाने जातात. हे मला कसं माहीत झालं, ते मात्र कोणी विचारत नाही.

माझा नवरा यकृताच्या आजाराने गेला. पीत नव्हता. लोक मनातल्या मनात आधी तेच विचारतात, म्हणून मी आधीच सांगून टाकते. तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता, मी नाशिकमध्ये अंबडला एका इंजिनिअरिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. सिन्नरच्या पुढे त्याचं गाव. तिथे माझ्या सासूबाई एकट्याच राहायच्या. थोडं शेत वाट्याने दिलेलं, दोन खोल्यांचं घर आणि दारात कोंबड्या.

डॉक्टर अर्धी अर्धी वाक्यं बोलायला लागले तेव्हा आईंचा फोन आला. सासूबाईंना मी आईच म्हणते. म्हणाल्या, "त्याचा सदरा धाड. धुतलेला नको, अंगातला दे." कशाला, हे मी विचारलं नाही. नाशिकच्या द्वारका चौकातून सिन्नरला जाणाऱ्या जीपवाल्याकडे पिशवी दिली. पुढच्या जीपवाल्याने ती गावात पोचवली. आईंनी तो सदरा बांधावरच्या म्हसोबापुढे पसरला, त्याच्यावरून एक तांबडा कोंबडा ओवाळला आणि नवस बोलल्या. पोरगं उठून घरी आलं की हा कोंबडा तुझा.

त्या दिवसापासून तो कोंबडा 'सोडलेला' झाला. त्यांच्या गावाकडे सोडलेला म्हणजे देवाच्या नावाने राखून ठेवलेला. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. देवाने आपलं काम केलं की त्याला देवापुढे न्यायचं. तोपर्यंत तो आपल्या दारात खातो-पितो, पण आपला नसतो.

नवरा उठला नाही. त्या गडबडीत कोंबड्याची आठवण कोणाला असणार? तेरावं झाल्यावर नातेवाईक ओट्यावर बसले आणि जे ठरवायचं ते ठरवू लागले. आईंची नजर साखरेने गेलेली. चुलीत जाळ आहे की नाही हे त्या हात पुढे नेऊन बघत. एका हाताला भाजल्याचा डाग होताच. त्या एकट्या राहू शकत नाहीत, त्यांनी सुनेकडे नाशिकला जावं, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

आई म्हणाल्या, "जाते. पण कोंबडा संगं येईल."

चुलत दीर म्हणाला, "काकू, कोंबडा राहू दे इथं. मी बघतो त्याच्याकडं."

"तू कसा बघशील ते ठावं हाय मला. मसाला वाटून बघशील."

लोक तेराव्याच्या दिवशीही हसले.

"मग देऊन टाक म्हसोबाला, मोकळी हो."

"का द्यावा? त्यानं काम केलं का माझं?"

"मग काप आन खा."

"बोललेला हाय. खाऊ कसा?"

देवाला द्यायचा नाही, कारण देवाने कमावलेला नाही. माणसाने खायचा नाही, कारण तो माणसाचा नाही. आईंनी पदर डोक्यावर ओढला आणि विषय संपवला. "मी जिथं, तो तिथं. तो नाय तर मी बी नाय." त्या बोलल्या की तसंच वागतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणजे हिशेब सरळ होता. कोंबडा माझ्याकडे राहिला तर आई माझ्याकडे राहणार. नाहीतर त्या परत जाऊन त्या चुलीपुढे बसणार, आणि कधीतरी मला गावाहून फोन येणार. तसला एक फोन मी नुकताच सगळ्यांना केला होता. दुसरा घ्यायची माझी तयारी नव्हती.

कोंबडा आला, त्याच्या सोबतीला दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आल्या. सिन्नरपर्यंत जीप, तिथून द्वारका, मग रिक्षा. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, घाण केली तर धुवून द्यायची बरं का." आई म्हणाल्या, "तू चालव नीट. तो घाबरला तर घाण करंल." त्याने सगळे खड्डे चुकवत आणलं.

आमचं रो-हाऊस आहे. मागे कपडे धुवायची मोरी आणि हातभर मोकळी जागा. कंपनीत भंगारात निघालेली लाकडी खोकी परवानगी घेऊन आणली, सुताराकडून खुराडं ठोकून घेतलं, पुढे जाळी लावली. सकाळी कामाला जायच्या आधी खुराडं झाडायचं, चुना मारायचा, कणी आणि पाणी ठेवायचं. हे मी आठवड्याभरात शिकले. काम असलं की मला बरं असतं.

त्या दिवसांत लोक म्हणायचे, किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मी काहीच नव्हते. कंपनीत माल यायचा, मी नग मोजून उतरवून घ्यायचे, रॅकवर लावायचे. घरी यायचे, भाकरी टाकायचे, आईंना इन्सुलिन द्यायचे. टीव्ही लावला तर बघायचे, नाही लावला तर नाही. आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोलत नव्हतो. कोंबड्यांबद्दल बोलायचो. "खाल्लं का?" असं एकीने विचारलं की दुसरीने कोंबड्यांचं सांगायचं. आमचं स्वतःचं जेवण त्यात कुठेतरी होऊन जायचं.

कोंबडा पहाटे आरवायचा, ते साहजिक आहे. पण तो सकाळी आरवायचा, दुपारी आरवायचा, कुकरची शिट्टी झाली तरी आरवायचा. पलीकडच्या घरातल्या बाईंचा नवरा तिसऱ्या पाळीला जातो. सकाळी येऊन झोपतो. त्या बाई आधी गोडीत बोलल्या. त्यांना आम्ही अंडी देत होतो.

"वहिनी, अंडी छान आहेत हो. पण तो कोंबडा..."

"तो अंडी देत नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. मग कशाला ठेवलाय?"

मी आणखी दोन अंडी त्यांच्या हातात ठेवली. सांगायला लागलं की सगळंच सांगावं लागतं.

मग सोसायटीची बैठक झाली, गणपती बसवतो त्या शेडमध्ये. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी चष्मा लावून सोसायटीचे उपविधी उघडले.

"पाळीव प्राण्यांचा नियम आहे आपल्याकडे," काका म्हणाले. "कोंबडी त्यात बसते का, हा प्रश्न आहे."

"कोंबडी प्राणी नाही, पक्षी आहे," कोणीतरी म्हणालं.

"मग पोपटासारखी धरा."

"पोपट पाळायला बंदी आहे. वनखातं धरतं."

"कोंबडीला वनखातं धरत नाही हो, कोंबडीला आपण धरतो."

हशा झाला. पलीकडच्या बाई चिडल्या. "हसा. यांना महिन्यात एक दिवस झोप मिळालेली नाही. मशीनमध्ये हात गेला तर कोण जबाबदार?"

हे खरं होतं. मी तसं म्हटलंही. मी सुचवलं की खुराड्याला जाड गोणपाट लावते, दुसऱ्या भिंतीला हलवते. काकांना तो तोडगा पुरेसा वाटला नाही. ते मागच्या खुर्चीवर बसलेल्या आईंना म्हणाले, "आजी, तुम्हाला गावाकडं सवय असते. आम्हाला नाही ना."

"तुमच्या कुत्र्याची मला बी नव्हती," आई म्हणाल्या. "झाली."

शेवटी ठरलं असं की महापालिकेचं काय म्हणणं आहे ते विचारून यावं. त्यांची हरकत नसेल तर सोसायटीची नाही. असेल तर कोंबडा जाईल.

"कोंबडा गेला तर सासूबाई जातील," मी म्हटलं.

"काय वहिनी," काका हसले, "कोंबड्यासाठी कोणी घर सोडतं का?"

मी अर्धी रजा टाकून विभागीय कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "कुत्र्याचा परवाना?"

"कोंबड्या."

"दुकान टाकताय?"

"नाही."

"पोल्ट्री?"

"नाही. घरामागे दोन कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्याचा नियम विचारायचाय."

तेव्हा त्याने मान वर केली. "ताई, दोन कोंबड्यांचा परवाना नसतो. फॉर्मच नाही. पण तक्रार आली की आम्हाला बघायला यावं लागतं."

"तक्रार आलीये?"

"तुम्ही आणलीत ना आत्ता."

माणूस वाईट नव्हता. त्याने नीट समजावलं. दोन गोष्टी बघतात. घाण आहे का, आणि जनावर बंदिस्त आहे की मोकाट. साफ आणि बंदिस्त असेल तर शक्यतो काही म्हणत नाहीत. मोकाट असेल तर तक्रारीवरून उचलायला गाडी येते. "चार-आठ दिवसांत निरीक्षक येतील," तो म्हणाला. "बंद असतात एवढं सांगा."

मी घरी येऊन आईंना सांगितलं, "महापालिकेचे साहेब येतील. मी नसेन तर म्हणायचं, बंद असतात."

"बंदच असत्यात की."

"तेच म्हणायचं."

निरीक्षक दुसऱ्याच दिवशी आला. मी कंपनीत होते. त्यामुळे जे झालं ते मला आधी आईंकडून आणि मग त्या निरीक्षकाकडून कळलं. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळत होतं. अडचण तीच होती.

दुपारची वेळ. जाळी झाडायला म्हणून आईंनी तिघांना मोरीत बाहेर काढलेलं. निरीक्षक मागच्या दाराने आला, खुराडं बघितलं, चुना बघितला, ठीक म्हणाला. मग त्याने विचारलं, "आजी, कोंबड्या बंद असतात की सोडलेल्या?"

आईंना माझी शिकवण आठवत होती. "कोंबड्या बंद," त्या म्हणाल्या. पण माणूस सरकारी, त्याला अर्धवट कसं सांगायचं? म्हणून पुढे म्हणाल्या, "कोंबडा मातर सोडलेला हाय."

"सोडलेला?"

"सोडलेला."

"आजी, सोडलेला चालत नाही. बंद करा त्याला."

त्यांना वाटलं हा माणूस देवाच्या कोंबड्यावर हक्क सांगतोय. "तो बंद-बिंद काय नाय व्हायचा. एकदा सोडला तो सोडला. त्याला कोनी हात लावायचा नाय. तू बी नाय आन तुझा साहेब बी नाय."

तोपर्यंत कोंबडा उडून मोरीच्या भिंतीवर बसला होता आणि आरवत होता. निरीक्षकाने जे ऐकलं आणि जे पाहिलं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी काकांचा मला कंपनीत फोन. "वहिनी, कठीण झालं. कोंबडा मोकाट आहे, सोडलेला आहे, बंद करायला नकार, असं खुद्द सासूबाईंनीच सांगितलंय. आठवड्यात हलवा म्हणतात, नाहीतर उचलतील. कोंबड्यांचं काही नाही, बरं का. त्या राहू देत."

मी माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं होतं. त्याची पावती केली आणि मग निघाले.

घरी आले तर आई खाली बसून गाठोडं बांधत होत्या. लुगडी, शाल, औषधांची पिशवी. गाठ त्यांना दिसत नव्हती, बोटांनी चाचपून बांधत होत्या. बांधून झालं की भिंतीशी सरकवलं.

"गाडी यायच्या आधी जाते," त्या म्हणाल्या. "सकाळच्या जीपला बसव."

"उद्या आपण ऑफिसात जाऊ."

"कशाला?"

"शब्द चुकलाय."

"माझा न्हाई चुकला."

"नाही. दोघांचाही नाही चुकला. तरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. निरीक्षक तरुण होता, आईंना बघून उभा राहिला आणि स्वतःची खुर्ची दिली. मी चढ्या आवाजात बोलेन अशी त्याची तयारी असावी.

"आजी, मी तुम्हाला विचारलं ना, बंद की सोडलेला? तुम्ही म्हणालात सोडलेला."

"हायच सोडलेला."

"बघा ताई."

"साहेब," मी म्हटलं, "त्या म्हणतात ते देवाला सोडलेला. नवसाचा कोंबडा आहे. मोकाट नाही, रोज खुराड्यात असतो."

त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा. तसं म्हणायचं ना, आजी! आमच्याकडं बोकड सोडतात. माझ्या चुलत्यानं सोडलाय, सगळ्या गावाची मेथी खातो." त्याचा चेहरा मोकळा झाला. "मग सोपं आहे की. नवस फेडून टाका. कोंबडा पण जाईल आणि तक्रार पण."

"फेडायचा नाही," मी म्हटलं. "फळला नाही."

"कशाचा होता?"

"माझ्या नवऱ्याच्या आजारपणाचा. यांच्या मुलाच्या."

कंपनीत मी 'माल आला नाही' असं ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात हे निघालं. इतक्या थोडक्यात मी ते आधी कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस शिक्के मारत होता, तो थांबला. थोडा वेळ थांबून परत मारायला लागला.

निरीक्षकाने कागद सारखे केले. "मी पुन्हा पाहणी दाखवतो," तो हळू म्हणाला. "आणि बदलून लिहितो. पण आजींनी सांगितलं म्हणून मी लिहिलं होतं. आता बदल त्यांनीच सांगायला लागेल. आजी, एवढंच म्हणा, कोंबडा सोडलेला नाही, घरचा आहे, बंद असतो. झालं."

"मी सांगते," मी म्हटलं.

"तुम्ही घरी नव्हता, ताई."

"मग मोकाट नाही असं लिहा. सोडलेला शब्दच नको."

"माझ्या लिहिण्यात तोच शब्द आहे. वरचे साहेब विचारणार, सोडलेला आहे का? हो किंवा नाही. मी त्यांना म्हसोबा कुठं समजावू?"

नाही म्हटलं तर कोंबडा राहणार आणि आई राहणार. पण तो म्हसोबाचाही नाही आणि बोललेलाही नाही, असा नुसता कोंबडा होणार. पोरासाठी म्हणून त्यांनी जे केलं होतं, त्यातलं एवढंच जिवंत राहिलं होतं. मी त्यांना कोपराने ढकललं नाही, की डोळ्याने खूण केली नाही. खूण त्यांना दिसलीही नसती.

आईंनी पदर सारखा केला. मग निरीक्षक ज्या बाजूला होता असं त्यांना वाटलं, तिकडे तोंड करून विचारलं, "हे सरकारात लिवलं जाईल?"

"हो आजी."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग लिव. सोडलेला नाय. घरचा हाय."

आवाज नेहमीचाच होता. भाजी निवडताना बोलतात तसा. त्याने लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खुर्चीचा हात धरून उठल्या.

रिक्षाने परत निघालो. घराच्या अलीकडच्या वळणावर आईंनी विचारलं, "सुकं खोबरं हाय का घरात?"

"आहे."

"कांदं?"

"आहेत."

"रविवारी काप त्याला."

मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी म्हटलं, "आई, आता तो राहू शकतो. काम झालंय आपलं. गोणपाट लावते, कोणी काही म्हणणार नाही."

"सोडलेला नाय म्हणलं ना मी?"

"ते कागदापुरतं."

"माझ्या तोंडातून गेलं ते. कागदापुरतं तुमचं असंल." त्या रिक्षाच्या दांडीला घट्ट धरून बसल्या होत्या. "घरचा कोंबडा काय करतो? अंडी देतो? खोटं बोलून ठिवायचा नाय मला त्याला. खाल्ला की खरं झालं."

रविवारी मी कोंबडा पिशवीत घालून चिकनच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "बाहेरचा कापत नाही आम्ही, ताई," आणि मग पिशवीत डोकावून म्हणाला, "गावठी! विकता का?" मी नाही म्हटलं. त्याने कापून दिला. मी समोर उभी होते. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. तुकडे मध्यम करा, एवढं मी त्याला सांगितलं.

नवरा गेल्यापासून घरात मटण-मच्छी शिजली नव्हती. कोणी बंदी केली नव्हती, कोणाला सुचलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. मी खोबरं भाजत होते, त्या वासावरून सांगत होत्या. "अजून. अजून. काढ आता, करपंल." मसाला मिक्सरवर झाला, त्याबद्दल त्यांनी नाक मुरडलं. कोंबडा जून होता, शिट्ट्या कमी पडल्या, परत कुकर लावावा लागला. ताट वाढताना त्यांनी हाताने चाचपून चांगले तुकडे माझ्याकडे सरकवले.

"तुम्ही घ्या ना."

"तू घे आधी. माझ्या दातांचं काय खरं?"

मी दोन भाकरी खाल्ल्या. चव चांगली होती. मीठ जरा जास्त झालं होतं.

"शेजारी वाटी देऊ का?" मी विचारलं.

"दे की. तिनं बी लय सोसलं."

पलीकडच्या बाई संध्याकाळी वाटी परत द्यायला आल्या, धुवून, आत साखर घालून. "यांनी चाटूनपुसून खाल्लं हो. कुठून आणला?"

"घरचाच," मी म्हटलं.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या वाटी माझ्या हातात देऊन घाईने गेल्या.

कोंबडा संपला होता, पण गाठोडं भिंतीशी तसंच होतं. मी केर काढताना ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे. मी जिथं, तो तिथं, असं त्या म्हणाल्या होत्या. आता तो कुठेच नव्हता. त्या जातील असं मी धरून चालले होते. जीपवाल्याचा नंबर शोधून ठेवला. चुलत दिराला फोन करून विचारलं, चुलीऐवजी शेगडी बसवून देता येईल का. तो म्हणाला बघतो. त्याचं बघणं मला माहीत होतं. आईंना मी काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येणार, आणि उत्तर आलं की ते बदलणार नाही. रोज संध्याकाळी कंपनीतून आले की आधी भिंतीकडे बघायचे.

असे काही दिवस गेले. एका सकाळी काका आले. मी डबा भरत होते. आई मागच्या दारात बसून सुपात कणी पाखडत होत्या, खडा बोटाला लागला की बाजूला टाकत होत्या. तलंगा जाळीतून माना बाहेर काढून वाट बघत होत्या.

"आजी, शांत वाटतं हो आता," काका म्हणाले. "फार सहकार्य केलंत. वहिनी म्हणत होत्या तुम्ही गावाला जाणार. कधी निघताय?"

आईंनी सूप थांबवलं.

"का हो? मी बी आरवते का?"

काका इतके गडबडले की बसायला सांगायच्या आत बसले. "तसं नाही, तसं नाही आजी, मी आपलं सहज..."

"मंग सहजच इचारा. अंडी पायजेत का?"

"असली तर..."

"काल एकीनं दिलंय. दुसरी खुडूक बसलीय, तिच्याकडून मिळायचं नाय." मग मान मागे वळवून त्या मला म्हणाल्या, "अगं, तू कामाला जायच्या आधी ती लुगडी कुठंतरी ठिव. गाठोड्यात घड्या मोडून चालल्या."

मी डबा बंद केला. आतल्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. त्यात नवऱ्याचं सामान होतं, ते वर माळ्यावर ठेवलं. गाठ घट्ट होती, सुटेना, शेवटी कात्रीने कापली. लुगडी घडी करून लावली, शाल लावली, औषधं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कप्पा अर्धाही भरला नाही. कंपनीची बस चुकली होती, म्हणून रिक्षाने गेले.